एकतिसावा आवाज

पुरवणी जबाब. दिनांक १४ जानेवारी १९६९, मंगळवार. सकाळी साडेदहा वाजता लिहिण्यास सुरुवात.

नाव इंद्रभान नारायणराव चोपडे, वय ३४ वर्षे, धंदा शिक्षक, माध्यमिक शाळा, मौजे कोठारखेड, राहणार तेथेच, तालुका खामगाव, जिल्हा बुलढाणा.

मी समक्ष हजर राहून सांगतो की, मी वरील शाळेत सहा वर्षांपासून इंग्रजी शिकवतो. काल सोमवारी जमादार साहेब चौकशीसाठी शाळेत आले होते. तेव्हा माझ्या वर्गातील रुख्मिणी शालिग्राम धानोकार, वय १५, इयत्ता नववी, हिच्याबद्दल मी सांगितले की मुलगी शांत आहे, वर्गात काही घडलेले नाही, ती घरातून का गेली ते मला ठाऊक नाही. त्यातले मुलगी शांत आहे एवढेच खरे. बाकी खोटे आहे. आज मला कोणी बोलावलेले नाही, मी आपण होऊन आलो आहे.

सदर मुलगी शनिवारी ११ तारखेला सकाळी घरातून निघून गेली. रविवारी ती मलकापूरला तिची मावशी मंजुळाबाई यांच्याकडे सुखरूप मिळाली. आमच्या गावचा ट्रकड्रायव्हर कचरू मोतीराम इंगळे हा मलकापूरच्या जिनिंगला कपाशी घेऊन चालला होता, त्याच्या गाडीत बसून ती गेली. जिनिंगवर गाड्यांची रांग असल्याने कचरू रविवारी दुपारी परतला, आणि त्यानेच शालिग्रामभाऊंच्या दारात जाऊन मुलगी कोठे आहे ते सांगितले. गावाने त्यालाच धरले. मुलीला फूस लावून नेली या संशयावरून तो तेव्हापासून येथे पोलीस ठाण्यात बसून आहे. मुलीला विचारले तर तिने तोंड उघडले नाही. न बोलणे हीच कबुली, असे गावाने ठरवून टाकले. ती का बोलत नाही ते मला ठाऊक आहे.

रुख्मिणीची जीभ अडते. लहानपणापासून अडते. गेल्या जून महिन्यात तिचे वडील शाळेत आले होते. त्यांचा भाजीपाल्याचा मळा आहे, येताना त्यांनी माझ्यासाठी वांगी आणली होती. ते म्हणाले, "मास्तर, लेखी पायजे तेवढं करून घ्या पोरीकून. पण तिले उभं करून वाचाले लावू नका. अडली का मंग दोन-दोन दिवस जेवत नाही ते." मी म्हणालो, काळजी करू नका. वांगी घरी नेली. तेव्हापासून डिसेंबर अखेरपर्यंत मी शब्द पाळला. सहामाहीत तिला इंग्रजीत शंभरपैकी एक्क्याऐंशी गुण आहेत, वर्गात पहिली आहे. इतर मुले तिला मुकी समजत, आणि मी कधी तो समज काढला नाही.

सोमवारी ६ तारखेला जिल्ह्याहून आमच्या शाळेत टेपरेकॉर्डर आला. इंग्रजी उच्चार सुधारावेत म्हणून एकच यंत्र एकेक आठवडा शाळाशाळांतून फिरवतात. ते सहा सेलवर चालते. सोबत एक छापील तक्ता असतो. त्यात पटावर विद्यार्थी किती आणि आवाज घेतलेले किती, असे दोन रकाने आहेत. शनिवारी शिक्षणखात्याचे साहेब तपासणीला येणार होते. ज्या शिक्षकाचे दोन्ही रकाने जुळतील त्याची पुढच्या प्रशिक्षणासाठी शिफारस होते, असे हेडमास्तर म्हणाले होते. माझ्या नववीचा पट एकतीस आहे.

मंगळवारी व बुधवारी मिळून मी तीस मुलांचे आवाज घेतले. माईक मी स्वतः हातात धरत होतो. मुलांनी आपला आवाज बाहेरून कधी ऐकलेला नव्हता. आपलेच वाचन ऐकून एक जण म्हणाला, "हा माहा आवाज नाही बे, कोणी दुसराच घुसला याच्यात." सगळे हसले, मीही हसलो. त्या हसण्यात वाईट काही नव्हते. तेथेच थांबलो असतो तर आज येथे येण्याचे कारण पडले नसते.

बुधवारी तिसऱ्या तासाला मी रुख्मिणीचे नाव घेतले. ती उभी राहिली नाही. मी दुसऱ्यांदा घेतले. शेजारच्या मुलीने सांगितले, "सर, तिले नका ना लावू." मी म्हणालो, एकच वाक्य आहे, कोणी खात नाही. वाक्य होते, 'बर्ड्स बिल्ड देअर नेस्ट्स.' ती उठली. मी माईक तिच्या तोंडापुढे धरला. पहिल्याच अक्षरावर ती अडली. मी माईक मागे घेतला नाही. मला वाटले आता निघेल, आता निघेल. टेप फिरत होती. तेव्हा मी म्हणालो, "थांबा रे, टेप अडकली का रुख्मिणी अडकली?"

हे वाक्य मी म्हणालो. कोणी विद्यार्थी म्हणाला नाही. वर्ग हसला. तिने वाक्य पूर्ण केले की नाही ते माझ्या लक्षात नाही. मी तक्त्यात एकतीस लिहिले.

शुक्रवारी मुलांनी हट्ट धरला, "सर, बर्ड लावा." बर्ड म्हणजे काय ते सगळ्यांना ठाऊक होते. मी लावले. मुले पुन्हा लावा म्हणाली, पुन्हा लावले. रुख्मिणी बाकावर डोके टेकून बसली होती. त्याच दिवशी सायंकाळी मी पानठेल्यावर उभा असताना ती डोक्यावर टोपली घेऊन मळ्याकडून येत होती. दोन मुले तिच्या मागून ओरडली, "टेप अडकली, टेप अडकली." दोघेही माझ्या वर्गातले. त्यांनी मला पाहिले आणि मुले आणखीच ओरडली, कारण त्यांना वाटले मला आवडेल. मी त्यांना रागावलो नाही. पान तोंडात होते हे कारण मी स्वतःला दिले.

शनिवारी तपासणी झाली. साहेबांनी तीन-चार आवाज ऐकले, तक्ता पाहिला आणि शेरेबुकात 'एकतीसपैकी एकतीस, उत्तम' असे लिहिले. त्या दिवशी वर्गात तीसच होते. गैरहजर कोण, असे साहेबांनी विचारले नाही, मीही सांगितले नाही. दुपारी मुलगी हरवल्याचे गावात कळले. मी शालिग्रामभाऊंच्या घराकडे गेलो नाही.

सोमवारी जमादार साहेबांना खोटा जबाब देताना हेडमास्तर शेजारी उभे होते. त्यांनी मला तसे सांगायला लावले असे मी म्हणत नाही. त्यांनी फक्त डोळे वर करून पाहिले. खोटे मी माझ्या तोंडाने बोललो. त्यानंतर शालिग्रामभाऊ ऑफिसात आले. त्यांनी टोपी काढून हातात घेतली होती व सोबत अर्ज आणला होता. ते म्हणाले, "पोरीचं नाव काढून टाका शाळेतून. आखाजीपर्यंत स्थळ पाहून देतो कुठं बी. आता कोणी पदरात घेतलं म्हणजे झालं." मग ते माझ्याकडे वळून म्हणाले, "मास्तर, तुमी तं सांभाळलं होतं तिले. आमच्याच घरात काही खोट असंन." मी करून सवरून नामानिराळा म्हणतात तसा उभा राहिलो.

ते गेल्यावर हेडमास्तर म्हणाले, "चोपडे, पुढच्या शाळेला टेप कोरी द्यायची आहे. पुसून टाका." पुसायचे म्हणजे वरून दुसरे काही भरायचे, जुने आपोआप जाते. सायंकाळी पाच वाजता शाळा सुटल्यावर मी वर्गात एकटा बसलो आणि पुसण्याआधी एकदा लावून ऐकले. सेल उतरले होते, आवाज जड येत होता. तिचा ब ऐकू येतो. मग माझे वाक्य ऐकू येते. मग हसणे. तीस मुलांचे हसणे लांबून येते. एक हसणे अगदी जवळून, सगळ्यांपेक्षा मोठे येते, आणि मुले थांबल्यावरही ते चालूच राहते. माईक ज्याच्या हातात होता त्याचे ते हसणे आहे. मला तो आवाज ओळखू यायला वेळ लागला. मलाही वाटले, हा माझा नव्हे, दुसराच कोणी घुसला असेल.

ती टेप मी पुसलेली नाही. चकती बिस्किटाच्या डब्यात घालून आणली आहे व या जबाबासोबत हजर करत आहे. लावून ऐकायची असल्यास नवे सेल लागतील.

वर एक गोष्ट सांगायची राहिली. खरे म्हणजे मी टाळली. शुक्रवारी तास सुटल्यावर रुख्मिणी दाराशी माझी वाट पाहत उभी होती. सगळी मुले गेलेली होती. ती काहीतरी सांगू लागली. 'स' वर अडली. तिच्या गळ्याच्या शिरा ताणल्या होत्या. मी घड्याळ पाहिले आणि म्हणालो, उद्या साहेब येणार आहेत, जे असेल ते सोमवारी सांग. तिने मान हलवली आणि ती गेली. ती काय सांगणार होती ते मला ठाऊक नाही. मी थांबलो असतो तर मिनिटभरात कळले असते.

आज सकाळी येथे आलो तेव्हा कचरू ओसरीवर भिंतीशी बसलेला होता. मला पाहून उठला व म्हणाला, "राम राम मास्तर. माह्या मालकाले सांगसान का, गाडीची चाबी माह्याजवळच राह्यली म्हणून." त्याच्या गालावर अजून वळ आहे. मी त्याला राम राम केला नाही, कारण माझी मान वर होईना. त्याच्याविरुद्ध माझ्या माहितीत काही नाही.

माझी विनंती एवढीच की, सदर मुलीला तोंडी विचारू नये. तिला कागद व पेन्सिल द्यावी. ती न अडता लिहिते.

येथवर जबाब साडेबारा वाजता झाला. जमादार साहेबांनी मला थांबण्यास सांगितले व ते मुलीच्या घरी गेले. सायंकाळी साडेचार वाजता पुढील मजकूर माझ्या सांगण्यावरून लिहिण्यात आला.

मला वहीचा एक कागद दाखवण्यात आला. दीड पान लिहिलेले आहे. अक्षर रुख्मिणी धानोकार हिचेच आहे, मी ते दीड वर्षापासून तपासतो. जमादार साहेबांनी कागद मोठ्याने वाचला, तेव्हा शालिग्रामभाऊही तेथे होते. तिने माझे वाक्य जसेच्या तसे लिहिले आहे. मी किती वेळा टेप लावली तेही लिहिले आहे. शुक्रवारी दाराशी ती एवढेच सांगणार होती की, सर, उद्या साहेबांपुढे माझा आवाज लावू नका. मावशीकडे का गेलीस, या प्रश्नाखाली तिने लिहिले आहे की, 'मावशी माझा शब्द निघेपर्यंत थांबते.' कचरूच्या गाडीत का बसलीस, याखाली लिहिले आहे की, 'कचरूदादा म्हणाला बस. मलकापूर येईपर्यंत त्याने मला एकही गोष्ट विचारली नाही. म्हणून बसले.'

वाचून झाल्यावर शालिग्रामभाऊ माझ्याकडे पाहत राहिले. त्यांनी तो कागद मागितला, तो कामाचा असल्याने देता आला नाही. मग त्यांनी विचारले की शाळेतून नाव काढायचा अर्ज अजून तेथेच आहे का. मी हो म्हणालो. ते म्हणाले, "फाडून टाका. पण तुमच्या वर्गात बसवणार नाही." मी तेही कबूल केले.

कचरूला चार वाजता घरी जाण्यास सांगण्यात आले.

हा जबाब माझ्यापुढे सुरुवातीपासून शेवटपर्यंत मोठ्याने वाचण्यात आला. वाचताना कोणी हसले नाही. तो मी सांगितल्याबरहुकूम खरा आहे.

सही: इं. ना. चोपडे