विहीणबाईंना काही कळत नाही

अहो, तशी गुंडाळी नका करू, झबल्यांना चुण्या पडतात — अशी, चौकोनी, बघा — जाऊ दे, तुम्हाला सांगून काय उपयोग! तुम्हाला मराठीचा गंध नाही, मला तुमच्या अरबीचा. मी बोलायचं, तुम्ही गोड हसून मान डोलवायची. परवा तोंडावर म्हटलं, विहीणबाई, तुमच्या हाताला मीठ जास्त आहे — तरी हसलात! कालपासून मात्र मीठ बरोबर पडतंय. योगायोग, दुसरं काय.

बरंच आहे म्हणा. दोघं कामाला गेली की घरात बोलायला कुणी नसतं, आणि जे बोलायचंय ते मुला-सुनेला सांगता येत नाही. तुम्हाला सांगते — मला तुमचं तोंड बघवत नाही. हो, हसा. नात माझी, माझ्या मुलाची, आणि नाव कुणाचं ठेवलं? तुमचं! तेही असलं, की पहिलंच अक्षर माझ्या घशातून निघत नाही. तुम्ही दारातून हाक मारली की पोरगी हातातलं खेळणं टाकून अख्खी वळते. मी मारली तर? पंख्याकडे बघत बसते. जणू मी शेजारच्या कुणाला तरी बोलावतेय.

म्हणून शिकायला घेतलंय मी. कुणाला बोलू नका — बोलणार कशा म्हणा! दुपारी ती झोपली की न्हाणीघरात कडी लावून बसते, मोबाईल घेऊन. त्यात एक बाई शिकवते. उजवीकडून डावीकडे — ठीक. बा, ता, सा — होडी एकच, खाली एक टिंब, वर दोन, वर तीन — तेही जमलं. पण ही अक्षरं शेजार बदलला की चेहरा बदलतात हो. एकटं असताना ओळखीचं, शब्दात शिरलं की ओळखच देत नाही — आमच्या चिरंजीवांसारखं, लग्नानंतरच्या. तेही सोसलं. मग 'हा' आला. आपला 'ह' नव्हे, चष्म्याच्या काचेवर वाफ सोडतो ना, तसा. चष्मा कधी नव्हे इतका लख्ख झालाय माझा! पण तो ऐन — तुमच्या नावातलं पहिलं अक्षर — तो कुठून काढता? घसा आवळून बघितला, मान वर करून बघितलं. रविवारी मुलाने दार ठोठावलं — आई, उलटी होतेय का? म्हटलं, हो बाबा, पित्त. आणि तुम्ही नुसती जांभई दिलीत तरी त्यात ऐन असतो!

हसू नका. तुमच्या लेकीला तरी कुठे आमचा 'ळ' येतो? 'बाल, बाल' करते दिवसभर. मग पोरगी कुणाचं बोलणं उचलणार? मी आंघोळ घालताना तिच्या कानात आजी, आजी, आजी म्हणते, पाणी गार होईपर्यंत — आणि पहिला शब्द कोणता फुटला? तुमचा! तुम्हाला मारलेली हाक! सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मीही वाजवल्या, आणि आत जाऊन उशीत तोंड खुपसून रडले. जळते मी तुमच्यावर, दुसरं काय! रोज देवाला म्हणते, यांना लवकर घरी पाठव. आणि लगेच भीती वाटते — तुम्ही गेलात तर ती दाराकडेच बघत बसेल. मी आहे ना समोर, पण माझ्याशी बोलणार काय ती? कुठल्या भाषेत बोलणार? माझी म्हणून काही ओळख तरी राहणार का तिला, की घरातली एक म्हातारी, जिचं काही कळत नाही —

काय? काय म्हणालात?

'हळू'? 'बाळ उठेल'?

विहीणबाई... कुणी शिकवलं तुम्हाला हे? तुमच्या जावयाने — माझ्या मुलाने? इथे यायच्या आधीपासून? ऑफिसला जाता-येता फोनवर? अस्सं! माझ्याशी दोन शब्द बोलायला त्याला वेळ नसतो, आणि सासूबाईंना बाराखडी! म्हणजे ते मीठ... म्हणजे मघापासून सगळंच... आणि ळसुद्धा आला? इतका स्वच्छ? माझा ऐन अजून घशात अडकलाय, आणि तुम्ही माझा ळ घेऊन मोकळ्या!

उठली बघा. नाही, तुम्ही बसा! खाली बसा. झबली करा गोल, हवी तशी करा. पण तोंडातून चकार शब्द काढायचा नाही, तुमच्या भाषेत नाही आणि माझ्याही नाही. आधी मी हाक मारणार.