दामूशेठची शिफारस

पहिल्यांदा खटकलं ते इथे: शिफारस देणाऱ्याला मी फोन लावला आणि समोर बसलेल्या दामूशेठचा खिसा वाजला. मी केवढी दचकले!

लोकांच्या पैशातून पहिल्यांदाच इमारत बांधणाऱ्यांना पारखायचं आणि शिकवायचं, हे पनवेलच्या आमच्या ऑफिसचं काम. माझ्या सहीवर लोक पैसे गुंतवतात, म्हणून नवख्या दामूशेठच्या अर्जावरची शिफारस मी स्वतः तपासत होते.

"शेठ, हा तर तुमचाच नंबर!"

"मंग? मला माज्यापेक्षा जास्त कोन वलखतो?"

"तसं नाही चालत. त्रयस्थ माणूस हवा, नाहीतर सही नाही."

"हात्तिच्या! लावा परत."

शेठ उठून जिन्यात गेले, दार ओढून घेतलं. मीही खुळी, लावला. दाराआड बराच वेळ रिंग वाजली. शेवटी फोन उचलला गेला.

"हॅलो," आवाज जाड करून शेठ म्हणाले, "त्रयस्थ बोलतोय."