किल्ली साहेबापाशी

...अन् किल्ली कोनापाशी, तं प्राचार्यापाशी! आता मले सांगा राजेहो, संडासाची किल्ली कोनी कोटाच्या खिशात घेऊन फिरते?

तुमाले सांगतो, आमाले काय मालूम आंतरराष्ट्रीय मानवी हक्क कायद्यातलं ताजं संशोधन काय असते ते! बचत गटाच्या विमलताई म्हणे, इंदूबाई, तालुक्याच्या कालेजात चर्चासत्र हाय, खुर्च्या रिकाम्या दिसू नये, चाळीस बाया पाह्यजे, जेवन हाय. गेलो कापसाचा वेचा सोडून. आठची यष्टी, मंग च्या, मंग सत्कार, अजून च्या... अन् अकराले मले अशी लागली बापा!

उठली तं संडासाले कुलूप. शिपाई डोमाजी म्हणे, किल्ली साहेबापाशी. म्हटलं, मंग कालेजाच्या पोरी कुठी जाते? म्हणे, घरी.

अन् साहेब मंचावर. तिथी दिल्लीचे डॉक्टर इंद्रजित, दवाईवाले नाही, पुस्तकवाले, सांगून राह्यले का संडास हा माणसाचा हक्क हाय, साऱ्या जगानं मानला, आता नवीन अभ्यास म्हणते का नुसता बांधून भागत नाही, बाईले जाता आलं पाह्यजे. हक्क हाय म्हणे! म्या पाय आवळून टाळ्या वाजवल्या. त्यात त्यानं पडद्यावर नदी दाखवली, वाहती. काहून दाखवा नदी?

मंग प्रश्नोत्तरं. माईक हिसकला म्या अन् म्हटलं, "साहेब, किल्ली द्या."

प्राचार्य लाल. पन इंद्रजित खुश! "वा! ताईंनी अगदी मूळ मुद्दा मांडला. उपलब्धता वेगळी आणि पोहोच वेगळी!" पंधरा मिनिटं माह्यावरच बोलले. नाव लिवून घेतलं, वय लिवून घेतलं. हक्क हाय म्हणे... किल्लीचं कोनी नावच घेऊन नाही राह्यलं!

शेवटी विमलताई मंचावर चढल्या, म्हणे, देता का मीच खिशात हात घालू? तवा निंगाली किल्ली. मी पळत, डोमाजी मांगं. कुलूप उघडलं, दार ढकललं, तं वीतभरच सरकलं. अंदर खालपासून छतापर्यंत कागदाचे गठ्ठे. म्हटलं, हे काय हाय?

डोमाजी म्हणे, "मांगच्या साली याच विषयावर चर्चासत्र झालतं. त्याचे शोधनिबंध हायत."

मंग काय करता? गेली कालेजामांगच्या तुरीत. वापस आली तं हातात सर्टिफिकेट देल्लं. हक्क हाय म्हणे... हाय नं! आपल्या हक्कावर लय लिवून ठेवलं हाय राजेहो, पाय ठेवाले जागा नाही.