चुकीच्या जाळीतलं शब्दकोडं

आदरणीय अध्यक्ष रेव्हरंड स्टॅनक्लिफ, आपण बसला आहात ती खुर्ची मी केलेली आहे. सन्माननीय पाहुणे आणि आमच्या दैनिकाचे व्यवस्थापक मिस्टर डॅलबी, आपण कोपर टेकलंय ते मेजही माझंच. ओकचं, एकही खिळा नाही. या सभागृहाचा दरवाजा मी केला, मागची कपाटं मी केली, आणि एकोणीस वर्षांत शनिवारच्या पानावरची नऊशे शहाऐंशी गूढ शब्दकोडीही याच हातांनी, पट्टी-पेन्सिलीनं काळ्या-पांढऱ्या घरांची जाळी आखून. दोन शनिवार न्यूमोनियात गेले. कोडी सोडवणाऱ्या बंधुभगिनींनो, आणि ज्यांचा हा निरोपसमारंभ त्या मिसेस एनिड ओल्ड्रॉइड, सर्वांना माझं अभिवादन.

मी सुतार. शाळा सोळाव्या वर्षी सुटली. शब्द शिकलो ते वाचनालयाच्या शब्दकोशातून, पहिल्या पानापासून. कोडं रचणाऱ्यानं टोपणनाव घ्यायचं ही आपली रीत. मी मॅलेट घेतलं, म्हणजे सुताराची लाकडी हातोडी. पण मॅलेटचं एकही कोडं एनिडबाईंनी आधी सोडवून पाहिल्याशिवाय छापलं गेलं नाही. त्या शाईनं सोडवायच्या. 'खोडायची सोय असली की माणूस विचारच करत नाही, क्लिफर्ड.' सूत्र, म्हणजे उत्तर सुचवणारं वाक्य, अवघड असलं तर हरकत नसे. अन्यायाचं असलं की समासात लाल फुली. 'उत्तर कळल्यावर माणसाला स्वतःचा राग आला पाहिजे, तुझा नाही!' एवढं मला दुसऱ्या कुणी शिकवलं नाही.

मागच्या ऑक्टोबरात दैनिकाच्या कचेरीनं ठरवलं, तपासणी आता संगणक करील. एनिडबाईंना कुणी कळवलंसुद्धा नाही. तपासायच्या कोड्याचं पाकीट यायचं बंद झालं, इतकंच. तिसऱ्याच शनिवारी माझी सूत्रं छापली गेली भलत्याच कुणाच्या जाळीखाली. संगणकानं सूत्राशी उत्तर ताडून पाहिलं, जाळीकडे पाहायचं कुणाला सुचलं नाही.

दुसरी माणसं असती तर त्यांनी फोन करून शिव्या घातल्या असत्या. आपण काय केलं? हसू नका, मिस्टर सटक्लिफ, तुम्हीही त्यात होता. उत्तर नऊ अक्षरी, घरं सहा. आपण म्हणालात, मॅलेटनं या खेपेला कमाल केली, तीन अक्षरं गाळायची असणार! अभिनंदनाची एकतीस पत्रं आली. एका गृहस्थानं गाळलेली अक्षरं जुळवून त्यातून माझ्या बायकोचं नाव काढलं. माझं लग्न झालेलं नाही.

एनिडबाईंनी तो पेपर विकत आणला. जाळी बाजूला सारली. अठ्ठावीस सूत्रं, एकाही अक्षराचा आधार नसताना, नुसती वाचून सोडवली. याचा अर्थ या सभागृहाला मी सांगायला हवा का? मग उत्तरं एकमेकांत अडकवत पावाच्या कागदी पिशवीवर माझी मूळ जाळी जशीच्या तशी आखली, आणि मंगळवारी दुपारी मला फोन केला.

'क्लिफर्ड, छापलीय ती जाळी तुझी नाही.'

'कशावरून म्हणता?'

'खालचा कोपरा कोंडलाय. आत शिरायला एकच वाट. तू असा कोपरा कधी ठेवत नाहीस. आणि काय रे, सतरा आडवं, ते सूत्र लंगडं आहे. माझ्याकडे आलं असतं तर फुली खाल्ली असतीस.'

खरं होतं. लंगडंच होतं.

आणि पुढच्या शनिवारी पेपरात काय छापून आलं? 'परीक्षकाच्या नजरचुकीमुळे जाळी चुकली. दिलगीर आहोत.' परीक्षक कोण, हे या खोऱ्यात कुणाला ठाऊक नाही? जिच्या दारात पाकीटच आलं नाही, तिच्या नजरेची चूक! बेकरीत लोक म्हणाले, 'असू दे गं एनिड, वय झालं की व्हायचंच.' एकतीस वर्षं शाईनं लिहिणारी ही बाई पाव घेऊन घरी गेली. मी मागे रांगेत उभा होतो. तो राग माझ्या हातांतून अजून उतरलेला नाही.

मिस्टर डॅलबी, तुम्ही एनिडबाईंना भेट म्हणून आणलेलं घड्याळ सुंदर आहे. पण तुमची नजर त्याच्यावर किती वेळा जाते आहे! आम्हाला घड्याळ नको, एक ओळ हवी. त्याच पानावर, तेवढ्याच ठसठशीत अक्षरांत: चूक कचेरीची होती, मिसेस ओल्ड्रॉइड यांची नव्हती. ही ती पिशवी. चौकट मी केली, अक्रोडाची. एनिडबाई, तुम्ही उठू नका; सभागृह उठेल.

चहा-केक करणाऱ्या क्लबच्या भगिनींचे आभार. बोलण्यात माझा तोल गेला असेल तर अध्यक्षांनी सांभाळून घ्यावं. मजकुरात चूक सापडायची नाही, तो मी तीनदा तपासला आहे.

एक राहिलं. सोमवारी मिस्टर डॅलबी माझ्या कारखान्यात आले होते. त्यांचा प्रस्ताव असा: मॅलेट हे नाव कंपनीला विकायचं, संगणकानं रचलेली कोडी त्या नावाखाली छापू द्यायची, आणि आज या ओळीविषयी अवाक्षर काढायचं नाही. मी नाही म्हणालो. रक्कम नऊ हजार पाचशे पौंड होती.