मयतानं बोलायचं नसतं

परीक्षक : काचेवर टकटक करू नकोस. तू मेलायस.

प्रमुख : हाताची सवय आहे रे.

परीक्षक : सवयी जिवंत माणसांना. सकाळी नियम ऐकलास ना? या मॉक ड्रिलमध्ये इस्पितळाचा सर्व्हर कोसळलाय, आणि संगणक विभागाचा प्रमुख, म्हणजे तू, दगावलाय. मयतानं काचेपलीकडच्या खोलीतल्या आपल्या माणसांशी बोलायचं नाही, खुणा करायच्या नाहीत. बोलायचंच असेल तर माझ्याशी बोल.

प्रमुख : तुझ्याशी बोलणं म्हणजे यमाशीच.

परीक्षक : कॉलेजात गाढव म्हणायचास. बढती झाली म्हणायची.

प्रमुख : गाढव होतासच. माझा प्रोजेक्ट उतरवून पास झालास, आणि आज मुख्यालयातून माझीच परीक्षा घ्यायला आलायस.

परीक्षक : म्हणून तर जरा जपून बोल. मुख्य माहिती अधिकारी हे पद या इस्पितळात पहिल्यांदा निर्माण होतंय. दुपारी विश्वस्तांसमोर मी काय सांगतो, त्यावर ते तुझं होईल किंवा बाहेरच्या कुणाचं.

प्रमुख : मग सांग त्यांना, काचेतून काय दिसलं ते. बघ कसे तडफडताहेत, पाण्याबाहेर काढल्यासारखे. बॅकअपचं कुलूप फक्त माझ्या पासवर्डनं उघडतं. आणि तो पासवर्ड या कवटीबाहेर कुठेही नाही.

परीक्षक : कवटी मेलीय.

प्रमुख : म्हणूनच. अडू दे त्यांचं. माणसाचं असणं कुणाला दिसत नाही. त्याच्या नसण्याचीच तेवढी सावली पडते.

परीक्षक : वा. सुचतं अजून. पण विश्वस्तांना सावल्या कळत नाहीत. यांचं अडलं, तर मी सांगणार की तू कुणाला तयार केलं नाहीस. निभावलं, तर सांगणार की तुझ्यावाचून निभतं.

प्रमुख : म्हणजे इकडे आड, तिकडे विहीर. मग मी वर जायचं कोणत्या वाटेनं?

परीक्षक : आपल्या पदवीला वाटांची काय कमतरता होती? आपल्या वर्गातल्या लंबूचंच बघ. सॉफ्टवेअर आर्किटेक्ट म्हणवतो. दिवसभर चौकोन काढतो, चौकोनांना बाण काढतो, आणि बांधणाऱ्यांना त्यातलं काही कळलं नाही की त्याचा पगार वाढतो.

प्रमुख : आणि ती, पहिल्या बाकावरची?

परीक्षक : एका बँकेची सुरक्षाप्रमुख झाली. चोरी होईपर्यंत सगळे मॅडम मॅडम करत होते. चोरी झाली त्या सकाळी तिचं ओळखपत्र दारालाच चालेना. ती जागा असतेच त्यासाठी. बळीच्या बकऱ्याला मोठी केबिन देतात, एवढंच.

प्रमुख : डेटा सायन्सवाल्याचं तरी बरं चाललंय.

परीक्षक : फारच बरं. कुठलं गिऱ्हाईक कधी सोडून जाणार, हे आधीच सांगतो. बायको गेली तेव्हा मात्र त्याला शेजाऱ्यांकडून कळलं.

प्रमुख : नालायक आहेस. हसू येतंय मला.

परीक्षक : प्रेतानं हसायला हरकत नाही. ती बुटकी कोण रे? मघापासून एकटीच काहीतरी करतेय.

प्रमुख : चिमणी. डेटाबेस सांभाळते. तोंडातून शब्द फुटत नाही, म्हणून मीच नाव पाडलं. तिच्याकडे कशाला बघतोस?

परीक्षक : कारण ती तुझ्या कुलपाकडे ढुंकूनही बघत नाहीये. पडद्यावर काय आलं बघ.

प्रमुख : नोंदी आहेत. रुग्णांच्या. पण… पण या कालपर्यंतच्या आहेत. कुठून आणल्या हिनं?

परीक्षक : ते मयतानं मला विचारायचं?

प्रमुख : दुसरी प्रत आहे. माझ्या नकळत ठेवलीय. रोज भरत होती. रोज समोर येऊन गुड मॉर्निंग म्हणत होती, आणि रोज माझ्या मरणाची तयारी करत होती.

परीक्षक : चालू झालं सगळं. टाळ्या वाजवताहेत. एकानंही या काचेकडे पाहिलं नाही, बघितलंस?

प्रमुख : बघतोय.

परीक्षक : तसा एक उपाय आहे तुझ्या हातात. रुग्णांच्या नोंदींची प्रत, तीही परवानगीशिवाय. मी तेवढं सांगितलं, तर पोरगी संध्याकाळपर्यंत घरी बसेल, आणि पुन्हा कुठलंही इस्पितळ तिला दारात उभं करणार नाही. पण तूही राहणार नाहीस. नाकाखाली सगळं घडलं आणि प्रमुखाला पत्ता नाही, असं होईल ते.

प्रमुख : आणि प्रमुखानंच सांगितलं असेल तर?

परीक्षक : काय?

प्रमुख : दुसरी प्रत ठेव म्हणून. तोंडी. दूरदृष्टीनं.

परीक्षक : सांगितलं होतंस?

प्रमुख : हे परीक्षक विचारतोय, की गाढव?

परीक्षक : …बोलावतो तिला. तिच्या तोंडून येऊ दे, म्हणजे मला अडचण नाही. वर जायची वाट तुला सापडली म्हणायची. मी याच वाटेनं आलो. ये गं, आत ये.

(दार उघडते. पलीकडच्या खोलीतला जल्लोष आत शिरतो.)

चिमणी : सर! झालं! पाहिलंत ना तुम्ही?

प्रमुख : पाहिलं. प्रत कधीपासून ठेवतेयस?

चिमणी : रागावू नका ना सर. सांगणारच होते. कितीदा केबिनपर्यंत येऊन परत फिरले. गेल्या वर्षी तुम्हाला इथेच अ‍ॅडमिट केलं होतं, आठवतं? त्या दिवशीही सर्व्हर झोपला होता. डॉक्टर ओरडत होते, यांना कुठल्या औषधाची अ‍ॅलर्जी आहे ते सांगा. आणि तुमचीच फाइल उघडेना. पासवर्ड तुमच्याकडे, आणि तुम्ही बेशुद्ध. मी तिथे उभी राहून नुसती रडत होते सर. तेव्हाच ठरवलं, पुन्हा असं होऊ द्यायचं नाही.

परीक्षक : मला एवढंच सांग. प्रत ठेवायला तुला सरांनी सांगितलं होतं का?

चिमणी : सरांनी? नाही, मी तर आत्ताच…

प्रमुख : चिमणे, नीट आठव. नाही म्हणालीस तर ती चोरी ठरते. आजारी माणसांच्या नोंदींची.

चिमणी : चोरी?

प्रमुख : हो म्हणालीस, तर ती माझी योजना ठरते, आणि तू माझी गुणी विद्यार्थिनी.

चिमणी : पण सर, ते मी तुमच्यासाठीच…

प्रमुख : माहीत आहे गं. म्हणून तर हो म्हणणं तुला जड जाऊ नये.

परीक्षक : मला दुपारी विश्वस्तांकडे जायचंय. काय सांगू?

चिमणी : हो. सरांनीच सांगितलं होतं.

परीक्षक : कधी?

चिमणी : …कधी, सर?

प्रमुख : गेल्या वर्षी. शुद्धीवर आलो तेव्हा पहिलं वाक्य तेच बोललो होतो. आठवलं?

चिमणी : आठवलं.

प्रमुख : शहाणी आहेस. जा आता. आणि जाताना दार ओढून घे, फार आवाज करताहेत.