कागदाचा मोबाइल

डोळ्यांत थेंब घालून मास्तर दवाखान्यात डोळे मिटून बसले होते. मागच्या बाकावर दोन बायका बोलत होत्या. एकीचा आवाज चांगला खणखणीत होता.

"सुनेनं माझ्या हातात कागदाचा मोबाइल दिला!"

"कागदाचा?"

"अहो, पेन्सिलीनं बटणं काढलेली. मी बोट ठेवलं की ती पुढचा कागद सरकवायची. गोळ्या मागवायचं ॲप करतेय ना ती."

"मग, जमलं तुम्हाला?"

"कसलं जमतंय! गोळ्या मागवायला गेले आणि सगळं रद्दच करून बसले."

"अगंबाई!"

"म्हटलं, माझं डोकंच चालत नाही आता. तर म्हणाली, 'आई, चूक तुमची नाही, माझ्या चित्राची आहे.' आणि टराटरा फाडला की हो तो कागद! इतका खपून काढलेला."

मास्तरांनी डोळे न उघडताच मान जरा मागे नेली.

"मग?"

"दुसरा काढला. त्यातही मी घोळ घातला. तिसऱ्या कागदावर मात्र बोट बरोबर पडलं. पुढे तिच्या ऑफिसातल्या साहेबांनी विचारलं, हे बटण इथंच कशाला? तर ही ताठ मानेनं म्हणाली, 'माझ्या सासूबाईंना तिथंच सापडतं.'"

"मग साहेब काय म्हणाले?"

"काय म्हणणार? बटण तिथंच आहे!"