अंग वाजेस्तोवर

माझं माहेर तलवाड्याचं, दिलं पालीला, आन् सासूच्या हाताखाली बाळं न्हाऊ घालायचं काम शिकले. काय सांगू तुमाला, त्याच हातावर आमचं घर चालायचं. सासूची शिकवण एकच व्हती, आधी तेल जिरवायचं, मग डाळीचं पीठ न् साय लावून चोळायचं, ऊन पाणी घालायचं, आन् बोट फिरवल्यावर कातडी करकर वाजली की समजायचं, अंग निर्मळ झालं.

मग पाटलाच्या सुनेला पहिला मुलगा झाला, आन् तिचा भाऊ हैदराबादेहून वासाची साबणवडी घेऊन आला. सून म्हणाली, मावशी, आता पीठ नको, तेल बी नको, तेलानं साबणाला फेस येत न्हाई. धाकली मालकीण ती, तिला न्हाई कसं म्हणावं? लावला. फेस लई गोड, पण पाणी घातलं तरी अंग बुळबुळीतच, वाजंना. मला वाटलं, मळ ऱ्हायला. परत लावला, परत धुतलं. तिसऱ्यांदा वाजलं तवा कुठं जिवाला बरं वाटलं. असं पाच दिवस केलं. सहाव्या दिवशी बाळाच्या काखंत, जांघंत कातडी लाल होऊन फाटली, पाणी लागलं की लेकरू कळवळायचं.

पाटलीणबाई म्हणाल्या, साबण तर सून बी लावती, तिचं अंग लोण्यावाणी हाय, दोष तुझ्याच हाताचा. मी म्हणलं, बाई, तुमचा ल्योक बी याच हातानं धुतलाय. त्या म्हणाल्या, म्हणूनच तो असा राकट निघाला! वाड्यातल्या बायका हसल्या, मी बी हसले.

बीडहून हकीम आले. म्हणाले, साबण कातडीचं तेल काढतो, तू त्ये तीनदा काढलंस. तिळाचं तेल लावा. बाळ बरं झालं. पण मला उमजलं न्हाई, पिठानं बी अंग वाजायचं, मग पिठानं कावून न्हाई फाटलं? तेल आधी जिरलेलं असायचं म्हणून, का सायीमुळं? सुनेला कसं सोसलं? हकीमसाहेबांना इचारलं तर म्हणाले, बाई, तेल लाव आन् गप बस.

मग दोन वर्सं मला कुणी बोलावलं न्हाई, गावातल्या दुसऱ्या सुईणीला बोलवायचे. ती वारली, तवा परत बोलवाय लागले. आता कुणी साबण आणला, तर मी आधी माझ्या मनगटाला लावून दिवसभर बघते. पण राखेनं भांडी घासून निबर झालेली ही म्हातारी कातडी, तान्ह्या लेकराचं काय सांगणार? तुमच्या घरी पाळणा हलला तर जरूर बोलवा, लेकरू सुखी ऱ्हावं, मी हलक्या हातानं न्हाऊ घालीन. फकस्त अंग निर्मळ झालं का, असं मला इचारू नका, त्ये आता मला कळत न्हाई.